तयार केले, तपासले, मंजूर

वर्षाली म्हणाली, "पप्पा, आज एसओपी पाठवायची आहे." मला बरं वाटलं. चाकणच्या कंपनीत डिस्पॅचला मी तेवीस वर्षं काढली. तिथं प्रत्येक मशीनवर एसओपी चिकटवलेली असते, आधी काय करायचं, मग काय. म्हटलं, यातलं मला कळतं.

पोरगी हसली. तिची एसओपी वेगळी होती. नेदरलँडला आंतरराष्ट्रीय कायद्यात एलएलएम करायचं, तर हाच विषय का, ते दोन पानांत लिहून द्यायचं. मी वाचायला लावलं. इंग्रजीतलं ती मराठीत सांगत गेली.

सगळीकडे तिची आईच होती. सुमनला जाऊन आठ महिने झाले. कासारवाडीच्या या खोलीत ती ब्लाउज शिवायची, तेही त्यात होतं. मग वर्षालीनं वाचलं, "मी नववीत असताना आईनं विचारलं, माल आपला, जहाज तिसऱ्याचं, समुद्र कुणाचाच नाही. मग भांडण कुणाच्या कोर्टात?" तिथून तिनं कायदा शिकायचं ठरवलं.

प्रश्न माझा होता. आमचा कंटेनर परदेशी बंदरात अडकून पार्ट गंजले, तेव्हा सकाळी चहा पिताना मी सुमनला हेच बोललो होतो. मेलेल्या बायकोचा हेवा करू नये. मला वाटला. दोन पानांत मी कुठेच नव्हतो.

"हे मी म्हणालो होतो," मी म्हटलं.

"मला आईनंच विचारलं, पप्पा. पोळ्या लाटताना. तुमचं नाव नाही घेतलं तिनं."

नसेल घेतलं. मी सेकंड शिफ्टला. वर्षालीची सकाळची शाळा, मग क्लास. ती घरी यायची तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये. माझं बोलणं तिच्यापर्यंत सुमनच न्यायची.

"बदलू का?"

हो म्हणणार होतो. "तुला तिनंच विचारलं ना? राहू दे," म्हणालो. जळफळाट काही थांबला नाही.

कंपनीच्या एसओपीखाली सह्यांचे तीन चौकोन असतात. वर्षालीच्या दोन पानांच्या छापलेल्या प्रतीवर मी ते पेन्सिलीनं आखले. 'तयार केले'मध्ये तिचं नाव लिहिलं, 'तपासले'मध्ये माझी सही केली.

"तिकडं असं चालत नाही, पप्पा."

"तू कॉम्प्युटरवरनं पाठव. ही घरात राहील."

तिनं पेन्सिल घेतली आणि 'मंजूर'मध्ये आईचं नाव लिहिलं.

आमच्या कंपनीत मंजूर करणारा हा तपासणाऱ्याचा साहेब असतो.