भोंग्याचा घसा

फुटबॉल क्लबाच्या बचावफळीच्या मधोमध उभा राहून तो नऊ वर्षं ओरडत आला होता. "माणूस धर! डावीकडे सरक! वर या, वर या!" त्याच्या आवाजावर अख्खा संघ हलायचा, म्हणून पोरं त्याला भोंगा म्हणायची. जुना कप्तान निवृत्त झाला, तेव्हा दंडावरचा पट्टा आता भोंग्याचाच, असं सगळे धरून चालले होते.

पट्टा मिळाला मॉनिटरला. हे नावही पोरांनीच ठेवलेलं; हा महागड्या बोर्डिंग शाळेतून आलेला, क्लबात जेमतेम दुसरं वर्ष. पोरगा वाईट नव्हता, खोटं कशाला बोला. पण कप्तान?

मॅनेजरने भोंग्याला ऑफिसात बोलावलं आणि बसही न म्हणता सांगितलं, "मनाला लावून घेऊ नकोस. खेळाचा प्रश्नच नाही. कप्तानाला स्पॉन्सरपुढे, टीव्हीपुढे उभं राहावं लागतं. तुला बोलता येत नाही रे."

"मला?"

"म्हणजे, चारचौघांत."

भोंग्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वर्षं घसा फोडला, तो भरल्या स्टेडियममध्ये की न्हाणीघरात? त्याच्या शाळेत एका खोलीत दोन इयत्ता कोंबलेल्या असायच्या आणि तोंड उघडलं की छडी बसायची. त्याच वयात मॉनिटरला स्टेजवर उभं करून टाळ्या वाजवत होते. आणि आता हे मॅनेजरसाहेब म्हणणार, तुला बोलता येत नाही!

"मग आता काय करणार?" घरी बायकोने विचारलं.

"करायचंय काय? बोलता येत नाही ना मला? नाहीच बोलत."

पुढच्या सामन्यात तो मूग गिळून खेळला. स्वतःचा माणूस त्याने एकदाही सुटू दिला नाही, पण तोंडातून शब्द काढला नाही. मागची फळी आंधळ्यासारखी चाचपडू लागली. एका कॉर्नरला दोघे एकाच चेंडूवर धावले, एकमेकांवर आदळले आणि गोल झाला.

प्रेक्षकांनी शिव्या घातल्या त्या गोलकीपरला. खांब म्हणायचे त्याला. भोंग्याच्याच गल्लीतला, त्याच शाळेतली छडी खाल्लेला, आणि त्याचा करार याच मोसमात संपत होता.

"तोंड शिवलंय का तुझं?" खांब किंचाळला. "मरतोय ना मी इथे!"

भोंग्याला स्वतःची लाज वाटली आणि राग दुप्पट झाला. पट्टा नाकारला ऑफिसने, आणि त्याने चटका दिला कुणाला, तर खांबाला. मग मात्र तो ओरडला. शिट्टी वाजेपर्यंत असा ओरडला की मानेच्या शिरा तटतटल्या. फळी जागेवर आली, समोरच्यांवर दोन गोल चढले, सामना खिशात पडला.

टीव्हीवाले सवयीने मॉनिटरकडे धावले. मॉनिटरने, त्याचं भलं होवो, भोंग्याला दंडाला धरून पुढे ओढलं. "मला नको, याला विचारा. आज सामना याने जिंकून दिलाय."

माइक तोंडासमोर आला. नऊ वर्षांचं साचलेलं सगळं ओठांवर तयार होतं. भोंग्याने तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. पुन्हा जोर लावला. घरघर, बाकी काही नाही. निवेदिका गोड हसली आणि माइक पुन्हा मॉनिटरकडे वळवला.

मागे मॅनेजर कुणाच्या तरी कानाला लागला, "म्हटलं नव्हतं मी?"

भोंग्याला ते स्पष्ट ऐकू आलं. त्याचा घसा गेला होता, कान शाबूत होते.