मुकादमाची माय

लातूर जिल्हा झाला आणि लगेच पावसानं दडी मारली. गावात पाण्याचा दुष्काळ आणि उद्घाटनांचा सुकाळ, असा मोठा मजेशीर काळ होता. नळाला नुसती फुसफूस, पण रोज कुठल्या ना कुठल्या कचेरीची फीत कापायला मांडव तयार. अशा दिवसांत मराठीचे प्राध्यापक किशनराव यांनी मेलेल्या माणसांवर नाटक लिहिलं आणि जिल्हा परिषदेत कारकून असलेल्या पिराजीला त्यात मुकादमाचं काम दिलं.

नाटक असं. दुष्काळी कामावर खडी फोडणारी एक बाई उन्हात कोसळून मरते. पुढे कधीतरी तिला पाणी प्यायला न सोडणारा मुकादम, काणाडोळा करणारा इंजिनिअर आणि तोंड मिटून बसलेली तिची मैत्रीण, असे तिघं मरून एका खोलीत येतात. खोलीचं दार सताड उघडं. 'चुकलं माझं' म्हणेल त्यानं खुशाल बाहेर पडावं. पण म्हणतंय कोण? तिघं एकमेकांवर ढकलत कायमचे बसून राहतात. मधोमध एक रिकामी खुर्ची. ती म्हणजे नसलेला देव, असं किशनराव सांगत. इंजिनिअरचं काम करणारे शेषेराव म्हणत, छे, ती आपली सदसद्विवेकबुद्धी. मैत्रिणीचं काम करणाऱ्या यशोदाबाई म्हणत, "अहो, ती त्या मेलेल्या बाईची जागा आहे, एवढं साधं आहे." या वादात तालमीचा चहा रोज थंड व्हायचा.

पिराजीला वादाचं काही नव्हतं. त्याला कामाचं याड लागलं होतं. अंघोळ करताना, सायकलवर, जेवताना, तोंडात मुकादमाची वाक्यं. अडचण होती ती घरात, मायची.

नागाबाईंनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि देवघरातले टाक स्वतःच्या हातानं मांजरा नदीत सोडले. परलोक, आत्मा, भूत, सगळं त्याच दिवशी वाहून गेलं. आणि आता पोटचा पोरगा मरून वर गप्पा मारत बसणार!

"मेल्यावर कायबी ऱ्हात न्हाई," त्या म्हणाल्या. "मंग तू मरून तिथं बसून काय करायलास रे पिऱ्या?"

पिराजीनं आधी समजावलं, मग चिडला. आणि चिडल्यावर जिभेवर घोळत होतं तेच वाक्य बाहेर पडलं. मुकादमाचं. "खडी फोडणाऱ्या बाईला काय कळतंय?"

बहात्तरच्या दुष्काळात नागाबाईंनी खडीच फोडली होती. त्या खडीवरच पिराजी मॅट्रिक झाला होता. वाक्य तोंडातून गेलं आणि त्याला घाम फुटला. पण बाप्या माणूस, शब्द मागे कसा घेणार? त्या दिवसापासून माय ताट वाढायची, पण बोलायची भिंतीशी. "भाकर पायजे का कुणाला, इचार जरा," असं भिंतीला सांगायची. पिराजीला ती भाकर गिळवत नव्हती.

प्रयोग दुपारी, शाळेच्या हॉलमध्ये होता. नवीन जिल्ह्याचं पहिलंच नाटक म्हणून उभं राहायलाही जागा नव्हती. नागाबाई जाणार नव्हत्याच. पण शेजारच्या सरजाबाईला म्हणाल्या, "मेल्यावर जातोय कुठं, बगून तरी येते." निघाल्या आणि वाटेत टँकर दिसला; तशाच मागं फिरून घरून घागर आणली आणि रांगेत उभ्या राहिल्या. टँकर सोडून जाईल असं माणूस तेव्हा लातुरात नव्हतं. त्यामुळे हॉलमध्ये शिरल्या तेव्हा नाटक अर्धं झालेलं आणि कमरेवर भरलेली घागर.

दाराशी शाळेचा शिपाई पंढरी होता. म्हातारी बाई घागर घेऊन उभी, हे त्याला बघवेना. त्यानं जागेसाठी हॉलभर नजर फिरवली. एक खुर्ची तेवढी मोकळी, ती स्टेजवर. जिल्हा झाल्यापासून स्टेजवरची रिकामी खुर्ची म्हणजे न आलेला पाहुणा, हे पंढरीला पाठ होतं. "मावशी, पाव्हणे काय आता येत न्हाईत," तो म्हणाला. "तुमी बसा." आणि त्यानं हात धरून त्यांना बाजूच्या पायऱ्यांवरून वर चढवलं.

नागाबाईंनी घागर खाली ठेवली, पदर सावरला आणि बसल्या. विंगेत किशनरावांनी कपाळाला हात लावला. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. लोकांना वाटलं, जिची एवढा वेळ वाट पाहत होतो ती मेलेली बाई हीच.

आता वाक्य पिराजीचं होतं. तेच. विंगेतून हळूच आठवण आली, "खडी फोडणाऱ्या बाईला..." पिराजीचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. पुन्हा आठवण आली, जरा मोठ्यानं. मायकडे बघत तो नुसता उभा.

"बोल की," नागाबाई म्हणाल्या. "घरी तर बोललास."

पिराजीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते रंगभूषेवरून ओघळलं तरी त्यानं पुसलं नाही.

"चुकलं माझं, माय."

"हाव," त्या म्हणाल्या. "उचल ती घागर. कंबर मोडून आली माजी."

पिराजीनं घागर खांद्यावर घेतली. आणि ज्या दारातून कुणीच जायचं नाही असं नाटकात लिहिलं होतं, त्या दारातून मायच्या मागोमाग बाहेर पडला. टाळ्या थांबेनात. उरलेले दोघं मेलेले बराच वेळ एकमेकांकडे बघत बसले. मग पडदा पाडावा लागला.

संध्याकाळी किशनराव घरी आले. मायनं आपल्या हातानं चहा केला आणि पोरालाही तोंडानं बोलावून दिला. पिराजी भिंतीला टेकून सुखानं फुरके मारत होता. किशनरावांनी मोठ्या अदबीनं विषय काढला. पुढचा प्रयोग नांदेडला आहे. शेवट असाच ठेवावा म्हणतो. आपण आलात तर फार बरं होईल.

नागाबाईंनी त्यांच्याकडे नवलानं बघितलं.

"सर, ते काय रोज रोज माफ करायचं असतंय व्हय?"