आवाज चढतो तेव्हा

"बाबा! अहो बाबा, बंद करा ते!"

लेक ओरडेपर्यंत भांडं फुटलं होतं. लेथवर फिरणाऱ्या लाकडाच्या गाठीतून हत्याराचं टोक आरपार बाहेर आलं आणि एक कपचा उडून भिंतीवर आपटला. म्हाताऱ्या कातार्‍याने बटण दाबलं. वळून बघतो तर लेक दारात पिशवी घेऊन उभी.

"कधी आलीस?"

"केव्हाची घसा फोडतेय! जेवलात का?"

"हो, सकाळच्याच गाडीने आलीस ना," तो म्हणाला.

यंत्र तर आता बंद होतं. लेकीने पिशवी हळूच खाली ठेवली. मग अगदी समोर येऊन, ओठ दिसतील असं विचारलं, "आईला माहीत होतं?"

"तिलाच तेवढं माहीत होतं."

झाडाच्या बुंध्यावर आलेली गाठ अर्धवट वाळली की तो कातायला घ्यायचा. भांड्याचं तोंड अरुंद, आतलं काही दिसत नाही. वाकडं हत्यार घालून पोखरत जायचं आणि कानाने अंदाज घ्यायचा. भांड्याची भिंत पातळ होते तसा आवाज चढत जातो. कान गेले तेव्हापासून बायको मागे उभी राहायची आणि आवाज चढला की खांद्यावर थाप मारायची. गिऱ्हाईकं त्याच्या हाताची वाहवा करायची, आणि ती गेली की ही दोघं पोट धरून हसायची. बायको वारल्यापासून एकही भांडं धड उतरलं नव्हतं.

"माझ्याकडे चला," लेक म्हणाली. "एकटे काय करणार इथे?"

"ही एक गाठ राहिलीय. तुझ्या आईने पसंत केलेली. आणखी वाळली तर भेगा पडतील."

"मग मी उभी राहते."

तिने खांद्यावर हात ठेवला. तो पोखरू लागला.

"आधी घोगरा येईल," तो म्हणाला. "मग पोरीसारखा होईल."

"कुठल्या पोरीसारखा?" ती कानाशी ओरडली.

"तू रुसलीस की काढायचीस तसा."

ती हसली, ते त्याला खांद्यावरच्या हातातून कळलं. बऱ्याच वेळाने तिने थाप मारली. त्याने यंत्र बंद केलं आणि बोट आत घालून चाचपलं. भिंत अजून जाड होती.

"जमलं ना मला?"

"अगदी तुझ्या आईसारखं," म्हणत त्याने भांडं उतरवलं.

दुसऱ्या दिवशी ती गेली. तिला नोकरी होती, मुलांची शाळा होती. भांडं वाळलं की येतो, असं सांगून तो मागे राहिला.

पातळ भांडं वाळताना वाकडंतिकडं होतं, पण टिकतं. जाड भांड्याला वाकता येत नाही. एका सकाळी त्याला तोंडापासून तळापर्यंत गेलेला तडा दिसला.

रविवारी लेकीचा फोन आला. पलीकडून नुसतीच गुणगुण. काय विचारत असेल, ते त्याने ताडलं.

"छान आहे भांडं. रंग काय सुरेख आलाय!"

पुन्हा गुणगुण. मग ती थांबली. त्याने तड्यावरून बोट फिरवलं.

"खरं सांगू? तडकलंय. तुझं काही चुकलं नाही गं. भिंत जाड आहे, हे मला कळलं होतं. पुन्हा यंत्र लावायचं, तुला उभं राहायला सांगायचं, एवढंच होतं. पण तू इतकी खूश झाली होतीस... आणि मला वाटलं, आता ही खांद्यावरचा हात काढेल, तर निदान हसत काढू दे."

उत्तरासाठी त्याने फोन कानाशी घट्ट दाबला. मग समोर धरून पाहिला. पडदा केव्हाच काळा झाला होता.