रिकाम्या जागेचा वार

सातही ग्रहांवर भाषा निराळ्या, देव निराळे, पण जोडीचा डाव एकच. यानतळावर परका खलाशी उतरला की आधी हात उगारतो; समोरच्याने तो मनगटावर झेलला की झाली ओळख. मालाचं बोलणं त्यानंतर.

प्रत्येकाचा एक जन्माचा जोडीदार असतो. तो वारला की मागे राहिलेल्याने दुसऱ्या पहाटे समोर जागा मोकळी सोडून सगळा डाव एकट्याने खेळायचा. शेवटी हात खाली सोडायचे, गेलेल्याचा शेवटचा वार खांद्यावर घ्यायचा, एक पाऊल मागे सरायचं. तो वार झुळकीएवढाच लागतो म्हणतात. तेवढ्याने गेलेला सुटतो.

यानतळावर माल तोलणारी सून ही तिच्या सासूबाईंची जोडीदार. लग्न होऊन आली तेव्हा तिला धड उभं राहता येत नव्हतं. हे पाय आहेत की उकडलेल्या शेंगा, असं म्हणत सासूबाईंनी वाकून स्वतःच्या हातांनी तिच्या टाचा जागेवर बसवल्या होत्या. त्या गेल्यावर सुनेने डाव मांडला खरा, पण हात खाली सोडणं तिच्याने होईना. शेवटच्या वाराआधी ती थांबली. पुढच्या पहाटेही थांबली. मग तो तिचा नेमच झाला. अंघोळ, दिवा, जप, आणि मधल्या खोलीत त्या मोकळ्या जागेसमोर उभं राहणं. समोरून वार येत. मनगटाला मनगट लागे, आणि सगळा दिवस सुसह्य होई.

नणंद शिवणकाम करायची. आईशी भांडून तिने कधीच तालीम सोडली होती. भावजयीच्या झग्याला बाही लावायची म्हणून ती माप घ्यायला बसली आणि तिच्या अंगातली बाही वर सरकवताच थांबली. डावा हात कोपरापर्यंत काळानिळा.

सून सहज म्हणाली, आईंचा हात लागतो.

नणंदेने टेप गळ्यात टाकली. "वहिनी, आई डावरी होती. तिचा मार तुझ्या उजव्या हातावर पडायला हवा."

वार अलीकडे जड झाले होते, ते आई रागावल्यात म्हणून, अशी तिने मनाची समजूत घातली होती. नणंद पुढे जे बोलली ते तर लहान पोरांनाही ठाऊक असतं: डाव सगळ्या ग्रहांवर एकच, म्हणून उघडा राहिलेला डाव दिसला की बिनजोडीचा कुणीही मेलेला त्यात शिरतो.

"तू आईला धरून ठेवलंयस असं वाटतंय तुला," नणंद म्हणाली. "तिला तू दाराबाहेर उभं केलंयस. घरात घेतलंयस भलत्यालाच."

आता डाव पुरा करायचा तर त्या भलत्यासमोर हात खाली सोडायचे. त्याचा वार झुळकीएवढा नसणार, हे दोघींनाही कळत होतं. तेव्हा जागाच रिकामी ठेवायची नाही, तिथे मी उभी राहते, असं नणंद म्हणाली. तुला येतं कुठे, सुनेने विचारलं.

"येत नाही म्हणून तर हळू मारीन. टाके घालणारा हात आहे माझा."

पहाटे दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. पहिल्या दोन हातांत नणंद अडखळली, स्वतःलाच हसली. तिसऱ्याला हसली नाही. तिची पावलं फरशीवर घट्ट बसत गेली. न शिकलेले फेर ती बिनचूक घेऊ लागली, आणि डोळे मात्र घाबरून सुनेकडे बघत राहिले.

शेवट आला. सुनेने देवाचं नाव घेतलं आणि हात खाली सोडले.

नणंदेचा उजवा हात कुऱ्हाडीसारखा उतरला आणि मानेपासून बोटभर अंतरावर अडला. थरथरत राहिला. मनगटावरची कातडी कुणीतरी डाव्या मुठीत धरावी तशी दबली, पांढरी पडली. मग तो हात सावकाश खाली आला आणि झुळकीएवढा सुनेच्या खांद्याला टेकला.

सून एक पाऊल मागे सरली. खोली एकदम मोठी वाटली.

नणंद मनगट धरून खाली बसली.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "हात मी आवरला नाही."