दिवा दिसत नाही

उंदीर, वजन बावीस ग्रॅम. काळी चिकटपट्टी, बोटभर. सरांचं नवं जाकीट. बिनखिडकीची खोली. उरलेले अकरा दिवस. उंदराचे नव्हेत, प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंच्या नोकरीचे.

सरांनी जगाला हादरवणारा शोध लावला होता: उंदराचा पाय आधी हलतो, मेंदूला मागाहून कळतं.

"तुझ्या सरांचंही तसंच आहे," बाईंची बहीण फोनवर म्हणाली. "तोंड आधी हलतं."

बाई हसल्या नाहीत. उंदराचं चित्रण आणि त्याच्या मेंदूची नोंद जुळवणारं सॉफ्टवेअर त्यांनीच लिहिलं होतं, आणि कुणीही घ्या म्हणून जगभर फुकट वाटलं होतं. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एक दिवा लुकलुकतो, तीच लुकलुक मेंदूच्या नोंदीतही उमटते. दोन्ही जुळवली की वेळ बरोबर. दिवा दिसला नाही तर सॉफ्टवेअर इशारा द्यायचं आणि फ्रेम मोजून अंदाजे वेळ लावायचं. फोटोत दिवा बरा दिसत नाही म्हणून सरांनी त्यावर चिकटपट्टी लावली. इशारा न वाचताच बंद केला. वाचणं हे हाताखालच्यांचं काम.

"सर, कॅमेरा मधूनच फ्रेम गाळतो. मोजणी कमी भरते, म्हणून पाय वेळेआधी हललेला दिसतो. हा शोध नाहीये. चिकटपट्टी आहे."

"बाई, तुम्ही यंत्रं बघा. मेंदू मी बघतो."

"मेंदूच उशिरा येतोय, सर."

"तुमच्या मुदतवाढीचा कागद माझ्या टेबलावर आहे. गुरुवारी पाहुणे येऊन जाऊ देत, मग सही करतो. तोवर गप्प बसा."

बाई गप्पच बसल्या. सॉफ्टवेअरमधली अंदाजे वेळ लावणारी ती एक ओळ बदलली आणि बदलाचं कारण जगाला दिसेल असं खाली लिहिलं: दिव्याशिवाय केलेली जुळणी चुकते, आमच्या प्रयोगशाळेतली चुकली आहे. त्याखाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. सरांच्या यंत्रावरही नवी आवृत्ती चढवली.

गुरुवारी सरांनी पाहुण्यांसमोर ऐटीत कळ दाबली. पडद्यावर उंदीर आलाच नाही. तीन शब्द आले: दिवा दिसत नाही. सरांनी पुन्हा दाबली. पुन्हा तेच. बोट हलतच राहिलं. मेंदूला अजून कळायचं होतं.

मागच्या रांगेतून बाई उठल्या, चष्म्याचं घर पिशवीत टाकलं आणि दार आवाज न करता ओढून घेतलं. कागदावर सही झाली नाही.

सरांनी मागितली तेव्हा चिकटपट्टी बाईंनीच मापाने कापून दिली होती. कशाला हवी, ते विचारलं नव्हतं.