काच वर करून ऐकलेला आवाज

मी मेस्त्रींची जुनी लाल गाडी बोलतेय. बोलतेय कसली, कुढतेय म्हणा. इंजिन काढून घेतलेल्या गाडीने दुसरं करायचं काय?

आमचं घराणं युरोपातलं. चण लहान, मागचं दार वर उघडणारं, पण अंगात रग मोठी. मेस्त्रींनी मला चौतीस वर्षं चालवलं. माझं स्टिअरिंग जड, सकाळी चोक ओढल्याशिवाय मी जागची हलत नसे. पण चाकाखाली खडा आला तरी त्यांच्या तळहाताला कळायचा. बिघाड शोधायला त्यांना यंत्र लागत नसे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. "दुसरा व्हॉल्व्ह वाजतोय," म्हणायचे आणि तोच निघायचा. बाकीचे मेकॅनिक त्यांचा कान मानत.

मग त्यांच्या लेकीने नवी गाडी आणली. माझ्याच घराण्यातली, चौतीस वर्षांनी धाकटी, वजनाने जवळजवळ दीडपट. कानामागून आली आणि तिखट झाली. खोटं कशाला बोलू, चढावर ती मला केव्हाच मागे टाकते. सीट गरम करते, वेळ आली तर ब्रेकही स्वतःच लावते. चालवणाऱ्याने नुसतं बसून राहायचं!

गॅरेजच्या शेडमध्ये जागा एकीपुरतीच. त्यात जुन्या गाड्या शर्यतीत पळवणारा एक रेसवाला कधीपासून माझं इंजिन मागत होता. लेक म्हणाली, "बाबा, हिला एकदा चालवून तर बघा. मग तुम्हीच ठरवा."

मेस्त्री नवीत बसले, काचा वर केल्या, डोळे मिटून ॲक्सिलरेटर दाबला. उतरले ते हरखूनच. "काय गं हिचा आवाज! इतकं तालात चालणारं इंजिन जन्मात ऐकलं नाही." त्यांनी तिथूनच रेसवाल्याला फोन करून माझं इंजिन द्यायचा शब्द दिला.

मी शेजारीच उभी होते. बाहेर शिवणयंत्राइतकाच आवाज येत होता. आतली डरकाळी होती स्पीकरमधून वाजवलेली, नकली. लेकीला हे ठाऊक होतं. ती मूग गिळून बसली.

चार दिवसांनी माझं इंजिन साखळीला बांधलं. शेवटचे दोन बोल्ट उरले होते. मेस्त्रींना काय वाटलं कोण जाणे, नवीचा तो आवाज जवळून ऐकावा म्हणून त्यांनी तिचं बॉनेट उघडलं आणि स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. लेकीने ॲक्सिलरेटर दाबला. त्यांनी टोक चार जागी फिरवलं.

"आवाज कुठे गेला?"

"तो स्पीकरचा असतो, बाबा. हल्ली बऱ्याच गाड्यांत असतो."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश झालात..."

इंजिन न्यायला आलेला रेसवाला चांगला माणूस. म्हणाला, "मेस्त्री, राहू देऊ का?" माझा जीव टांगणीला लागला.

"शब्द दिलाय," मेस्त्री म्हणाले. "आणि हा कान आता कोणाच्या कामाचा?" दोन्ही बोल्ट त्यांनी स्वतः सोडले.

आता मी शेडमागे उभी आहे. माणसांनो, गाड्या खुशाल बदला. धाकटी सरस असेल तर मी अडवणारी कोण? पण ज्याने जन्मभर कानावर पोट भरलं, त्याच्याशी तरी खरं बोला.

मेस्त्री आता बिघाड शोधायला गिऱ्हाइकांच्या गाड्यांना लॅपटॉप जोडतात. काल एका गाडीचं बेअरिंग रडत होतं. मला इथवर ऐकू आलं, म्हणजे त्यांनाही आलंच असणार. लॅपटॉपवर काही दिसेना.

"घेऊन जा," ते गिऱ्हाइकाला म्हणाले. "काही झालेलं नाही."