छकुलीची व्हीलचेअर

मी एक जुनी व्हीलचेअर आहे. माझे रेक्झिन फाटले आहे, पुढचे एक चाक वळताना कुरकुरते, आणि मित्रांनो, सध्या माझा मुक्काम कवळ्यांच्या एका कारखान्यात, प्लॅस्टरच्या पोत्यांशेजारी कोपऱ्यात आहे. पण माझेही कामाचे दिवस होते.

एका वेल्डरने पाइप वाकवून मला घडवले आणि मी थेट छकुलीच्या घरी आले. छकुली म्हणजे घरातले शेंडेफळ. लहानपणी एका तापात तिचे पाय गेले होते. मी आले तेव्हा ती चांगली मोठी झाली होती, पण घरच्यांसाठी अजून छकुलीच. पहिल्याच दिवशी तिने मला अंगणात असे गरागरा फिरवले, की तिच्या दादाने डोक्याला हात लावला.

ती दातांच्या कवळ्या बनवायला शिकली होती. मेणावर दात बसवताना तिची बोटे जराही थरथरत नसत. पण नोकरीचे नाव काढताच दादा म्हणाला, "तुला घरात काय कमी आहे?"

"काहीच नाही. पण तुम्ही सगळे संध्याकाळी दमून येता, साहेबाच्या नावाने खडे फोडता. मलाही तसं दमून यायचंय, दादा."

 दुसऱ्या दिवशी दादाने माझ्या चाकांना तेल घातले आणि आम्ही मुलाखतीला निघालो.

पहिल्या ठिकाणी तिने माझ्याबद्दल आधी काही सांगितले नव्हते. दारात पायऱ्या होत्या. दादाने आणि पहारेकऱ्याने आम्हाला उचलून आत नेले. साहेबांनी आधी मला पाहिले आणि मग दादाला विचारले, "यांना किती वेळ बसता येतं?"

"मला विचारा ना," छकुली म्हणाली. "बसण्याचा सराव मला तुमच्यापेक्षा जास्त आहे."

साहेब हसले, चहा पाजला, "कळवतो" म्हणाले. कळवले काहीच नाही. पुढच्या ठिकाणी तिने फोनवरच सगळे सांगून टाकले, तर जागा तिथल्या तिथे भरली गेली.

"सांगितलं तरी पंचाईत, नाही सांगितलं तरी पंचाईत," वहिनी चिडून म्हणाली.  त्या आठवड्यात छकुली खिडकीपाशीच बसून राहिली. तिचा तळहात माझ्या हातावर होता, म्हणून मला ठाऊक आहे. तो थंडगार असायचा.

मग तिने एका म्हाताऱ्या कारागिराला फोन लावला. सगळे त्यांना कवळीकाका म्हणत. या वेळी ती एका दमात बोलली, "मी व्हीलचेअर वापरते. दारात उतार लागेल आणि खाली गुडघे जातील असं टेबल. बाकी काम हातांचं आहे आणि माझे हात चांगले आहेत."

 छकुलीने डोळे मिटून घेतले.

"टेबल केवढं उंच हवं?" काकांनी विचारले.

तिला सांगताच येईना! इतक्या दिवसांत हे कुणी विचारलेच नव्हते. वहिनी टेप घेऊन धावत आली आणि जमिनीपासून माझे माप घेतले. असे कौतुकाने माझे माप पुन्हा कधी कुणी घेतले नाही.

काकांनी सुताराकडून दारात लाकडी उतार करून घेतला आणि टेबलाच्या पायांखाली ठोकळे ठोकून घेतले. मी टेबलाखाली अलगद सरकले. "महिनाभर काम बघतो, मग ठरवू," काका म्हणाले.

तिथे पॉलिशचे काम करणाऱ्या एक मावशी होत्या. फार मायाळू. एकदा छकुली हातात मेणाची कवळी घेऊन वळत होती, तोच मावशींनी न विचारता मागून मला ढकलले. कवळी खाली पडली, दात चहूकडे उडाले. ती कवळी एका निवृत्त मास्तरांची होती. दुसऱ्या दिवशी त्यांचे भाषण होते. मावशी रडवेल्या झाल्या. छकुलीचा चेहरा पांढराफटक पडला. गेली नोकरी, असेच आम्हा दोघींना वाटले.

काका आले. "इतक्या कवळ्या मी पाडल्यात, की गावाला पुरतील. पण तू मेण नीट गार होऊ दिलं नव्हतंस. आधी ते शिक! चल, पुन्हा कर."

ती लगेच कामाला लागली. मधेच मान वर न करता म्हणाली, "मावशी, ढकलायच्या आधी विचारत जा हं."

"विचारीन गं बाई, हात जोडून विचारीन!" मावशी डोळे पुसत हसल्या.

मास्तरांचे भाषण झाले. लोक म्हणतात, जरा जास्तच लांबले. छकुलीने मात्र कवळी पडली त्याच संध्याकाळी घरी जाताना वाटभर दादाला सांगितले, "आज मी काकांची बोलणी खाल्ली! सगळ्यांना बसतात तशी!" महिना संपला, नोकरी पक्की झाली, आणि पुढची कितीतरी वर्षे आम्ही दोघी रोज तो उतार चढलो.

आता तिच्याकडे नवी, हलकी खुर्ची आहे. तिचा मला राग नाही, पण सकाळी उताराकडून चाकांचा आवाज आला, की जीव कासावीस होतो.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे कुणी धूळ खात असेल, तर त्याला विसरू नका. पुसा, तेल घाला आणि गरज असलेल्या माणसाच्या हाती द्या. उद्या एक शिवणकाम करणारी मुलगी मला न्यायला येणार आहे. तिला परवापासून कामावर जायचे आहे. छकुलीने कालपासून माझे रेक्झिन शिवायला घेतले आहे.

पोरी, माझा डावा ब्रेक जरा हट्टी आहे. जोरात ओढ, म्हणजे लागतो.